एरंडेलचे शेरे

तो माणूस पहिल्याच दिवशी माझ्या डोक्यात गेला. ऑफिस सोडून त्याला आता सात वर्षं झाली. मी त्याच्याच टेबलावर बसते, त्याच्याच खिडकीचा पडदा रोज सकाळी उघडते, पण तो काही डोक्यातून उतरत नाही.

आमचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर. अकरा टेबलं, एक खिडकी, कोपऱ्यात गुरगुरणारं पाण्याचं मशीन. दवाखान्यांसाठी, शाळांसाठी, जो सांगेल त्याच्यासाठी प्रोग्रॅम लिहून द्यायचे, हा धंदा. खिडकीशी बसणारा तो सगळ्यांत जुना, अठरा वर्षं त्याच खुर्चीत. चेहरा कायम एरंडेल प्यायल्यासारखा, म्हणून नाव पडलं एरंडेल. तोंडावर 'सर', पाठ फिरली की एरंडेल. साडेबाराला उकडलेली दोन अंडी आणि पाव टेबलावरच खायचा, एकटा, पडदा ओढून. लग्न केलेलं नव्हतं. घरी एक मोठी बहीण होती, एवढंच आम्हाला माहीत. वाढदिवसाचा केक कापायला बोलावलं तर म्हणायचा, "कापा ना. मी काय सुरी लपवून ठेवलीय?"

मी तिथे लागले तेव्हा छत्तीस वर्षांची होते. मधली नऊ वर्षं घरी काढलेली, नवऱ्याशी काडीमोड झालेला, आणि आठ वर्षांच्या मुलीला घेऊन भावाच्या घरी एका खोलीत राहत होते. भाऊ चांगला. वहिनीही वाईट नव्हती, पण बाथरूमचं दार वाजवून "वन्सं, आत झोप लागली का?" असं विचारायची तिची जी तऱ्हा होती, ती मी जन्मात विसरणार नाही. साहेबांनी मला सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं. काम जमलं तर कायम, नाही जमलं तर घरी. कायम झाले की भाड्याचं का होईना, स्वतःचं घर, स्वतःचं बाथरूम आणि त्याला आतून कडी. मला दुसरं काही नको होतं.

आता एडिटर म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. प्रोग्रॅम लिहायची जी पाटी, ती एडिटर. आमच्याकडे वापरतात तो मुळात अगदी कोरा. कोणतं बटण दाबल्यावर काय व्हावं, कुठे कोणता रंग दिसावा, फाइल सेव्ह करताना आपोआप काय साफ व्हावं, हे सगळं त्याला शिकवावं लागतं. त्यात माणसाचे महिनेच्या महिने जातात. म्हणून लोक दुसऱ्याचा तयार सेटअप उचलतात. आमच्या ऑफिसात तो एरंडेलचा होता. तेराशे सत्त्याऐंशी ओळींची एक फाइल, सगळ्यांना घेता येईल अशी ठेवलेली. एक आज्ञा दिली की तुमच्या मशीनवर हजर, आणि मूळ फाइलमध्ये केलेला बदल रात्रीतून सगळीकडे पोचायचा.

पहिल्या दिवशी मी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले. मान वर न करता तो म्हणाला, "वाच. मग घे."

"किती वेळ लागेल, सर?"

"ते तुझ्या डोक्यावर आहे."

टेबल चारवरचा गडी ओठ दाबून हसला. त्यानेच मग पाण्याच्या मशीनपाशी मला शहाणं केलं. "वाचता काय, मॅडम? ते काय पाठांतर आहे? आम्ही कोणी वाचलेलं नाही. घ्या आणि मोकळ्या व्हा." मी घेतलं आणि मोकळी झाले.

एरंडेलला हे कळायचं, आणि मग तो छळायचा. तुम्ही ग्लास भरत असाल, तो मागून येणार आणि विचारणार, "ओळ दोनशे अकरा काय करते?" तुम्ही ततपप. "माहीत नाही? मग ती तुझ्या मशीनवर काय करतेय?" असं सगळ्यांसमोर. मी पाणी प्यायचंच कमी केलं होतं. त्याच्या सेटअपचे रंगही त्याच्यासारखेच, मळकट पिवळा आणि निळा, बघून मळमळावं असे. आणि सगळ्यांत डोक्यात जाणारी गोष्ट म्हणजे फाइलमधलं काही पुसून ती बंद करायला गेलं की स्क्रीनवर प्रश्न यायचा, 'वाचलंस का?' खाली दोन पर्याय, हो आणि नाही. 'नाही' दाबलं की पुसलेलं परत यायचं. दिवसातून चाळीस वेळा तो प्रश्न. आम्ही सगळे न बघता 'हो' दाबत होतो.

माझ्या सहाव्या महिन्याच्या सुरुवातीला घोटाळा झाला. एका दवाखान्याची अपॉइंटमेंटची यादी आमच्याकडे असायची, चार हजार ओळी. प्रत्येक ओळ बरोबर ऐंशी अक्षरांची, मजकूर कमी पडला तर पुढे मोकळ्या जागा सोडून ऐंशी भरलेली. पलीकडचं मशीन अक्षरं मोजून ओळी तोडायचं, त्याला दुसरी अक्कल नव्हती. मला त्यात एका डॉक्टरांचा फोन नंबर बदलायचा होता. दोन मिनिटांचं काम. मी जुना नंबर पुसून नवा घातला, सेव्ह करून फाइल बंद करायला गेले. 'वाचलंस का?' आलं. हो.

एरंडेलच्या सेटअपची सहाशे बारावी ओळ अशी होती की सेव्ह करताना प्रत्येक ओळीच्या शेवटच्या मोकळ्या जागा कापून टाकायच्या. एरवी ते चांगलंच, कचरा जातो. इथे चार हजार ओळी आखूड झाल्या आणि पुढचं सगळं सरकत गेलं. दुसऱ्या दिवशी गुडघ्याचे पेशंट कानाच्या दारात, कानाचे डोळ्यांच्या रांगेत, आणि एक ऐंशी वर्षांचे आजोबा बाळंतिणींच्या विभागात दोन तास बसून. दवाखान्याने साहेबांना फोनवर धू धू धुतलं.

साहेबांनी सगळ्यांना उभं केलं. मी म्हणाले, "मी फक्त नंबर बदलला. बाकीचं सरांच्या सेटअपने केलं."

एरंडेल उठला, माझ्या मशीनपाशी आला, सहाशे बारावी ओळ उघडली आणि तिच्या वरचं सगळ्यांना वाचून दाखवलं. 'ठरावीक लांबीच्या फाइलवर काम करणाऱ्याने ही ओळ आधी बंद करावी. नाहीतर बोंबलावं.' मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बोंबल आता."

अकरा टेबलांवरची माणसं हसली. त्यांतल्या एकानेही ती ओळ वाचलेली नव्हती, तरी हसली. साहेब म्हणाले, "मॅडम, महिनाअखेरीला तुमचे सहा महिने भरतात. तेव्हा बघू." ते बघू कसलं होतं ते मला कळलं. संध्याकाळी घरी गेले तेव्हा बाथरूमचं दार बंद होतं आणि वहिनी आत गाणं म्हणत होती.

मी ठरवलं, याच्या सेटअपमध्ये याची चूक शोधायची. अख्खी फाइल वाचायची, एक भोक सापडलं तरी पुरे, तिथूनच याला फाडायचा. दोन दिवसांनी मी फाइल नव्याने घेतली, ऑफिसच्या प्रिंटरवर छापली, सत्तावीस पानं, आणि पर्समध्ये घालून घरी आणली. मुलगी शाळेत गेली की सकाळी पाऊण तास, आणि रविवारी दुपारभर इस्त्रीच्या टेबलावर. वहिनी कपड्यांचं गाठोडं घेऊन उभी. "वन्सं, परीक्षा आहे का? टेबल रिकामं झालं तर सांगा, नाहीतर आम्ही चुरगळलेलेच फिरू."

वाचता वाचता मला जे सापडलं त्याने माझी भूकच गेली, आनंदाने. प्रोग्रॅममध्ये ओळीच्या वर माणसांसाठी चार शब्द लिहिता येतात, मशीन ते सोडून पुढे जातं. लोक त्याला कमेंट म्हणतात. एरंडेल त्याला शेरा म्हणायचा. तर त्याच्या सेटअपमधली प्रत्येक महत्त्वाची ओळ कोणाच्या ना कोणाच्या चुकीमुळे घातलेली होती, आणि कोणाच्या ते त्याने शेऱ्यात लिहून ठेवलं होतं. 'ही ओळ टेबल चारमुळे. बोटं दोन, चुका दहा.' 'टेबल नऊ फाइलला नाव देताना झोपेत असते. म्हणून आपोआप तारीख.' 'ही टेबल सहासाठी, जो कधीच परत वाचत नाही आणि हेही वाचणार नाही.' अख्ख्या ऑफिसचा पाणउतारा अख्ख्या ऑफिसच्या मशीनवर वर्षानुवर्षं पडून होता आणि एकालाही पत्ता नव्हता!

साहेबही होते. साहेब कधी काळी स्वतः प्रोग्रॅम लिहायचे आणि अजून अधूनमधून हौसेने लुडबूड करायचे. ओळ एक हजार चाळीस: 'साहेबांच्या मशीनवर धोक्याच्या सगळ्या आज्ञा गुपचूप बंद होतात. बटण दाबल्याचं समाधान मिळतं, होत काही नाही. नऊ वर्षांत त्यांच्या लक्षात आलेलं नाही.' मी इतक्या मोठ्याने हसले की वहिनीने आतून विचारलं, काय झालं.

आता जे सांगायचं ते सांगते. शेरे एकूण एकाहत्तर होते. दुसऱ्यांवरचे एकोणीस. उरलेले बावन्न त्याचे स्वतःवर. 'ही ओळ माझ्यामुळे. गाढवासारखी घाई केली.' 'पुन्हा मी. तीच चूक, तोच मूर्ख.' एका ठिकाणी होतं, 'आठवडाभराचं काम मी पुसलं आणि टेबल सातवर ढकललं. त्याने मुकाट ऐकून घेतलं. म्हणून पुसताना विचारतो. मला विचारायला तेव्हा कोणी नव्हतं.' तो 'वाचलंस का?' वाला प्रश्न तिथला होता. आणि ते मळमळणारे रंग होते चष्म्यासाठी. चष्मा म्हणजे टेबल पाचवरचा सज्जन माणूस. 'चष्म्याला लाल-हिरवं वेगळं दिसत नाही. लपवतो. नोकरी जाईल अशी भीती. रंग सगळ्यांचेच बदलले म्हणजे कोणी विचारणार नाही.'

आणि बाराव्या पानावर सहाशे बारावी ओळ होती. घोटाळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने ती नव्याने लिहिली होती. आता ठरावीक लांबीची फाइल ती स्वतः ओळखून सोडून द्यायची. वर शेरा: '"बंद करावी" असं लिहून सहा वर्षं निवांत बसलो. इथे कोणी वाचत नाही हे मला पक्कं माहीत होतं. माहीत असून करून ठेवलं नाही. गुडघेवाल्यांचे हाल माझ्या माथी. नव्या बाईचा दोष नाही.'

ते एक पान साहेबांच्या पुढे ठेवलं असतं तर माझं काम झालं असतं. त्याच्याच शब्दांत माझी सुटका होती. मी ते पान दोनदा वाचलं. पण ते वाचून साहेब काय म्हणाले असते? 'प्रामाणिक माणूस आहे हो.' आणि तो तिथेच राहिला असता, पाण्याच्या मशीनपाशी, माझ्या मागे. मला नुसतं सुटायचं नव्हतं. त्याने मला अकरा टेबलांसमोर बोंबलायला सांगितलं होतं. मला तो जायला हवा होता.

मी बारावं पान काढून घेतलं, कारण साहेब नेमकी तीच ओळ शोधणार हे उघड होतं. उरलेल्या पानांवरचे दुसऱ्यांवरचे एकोणीस शेरे पिवळ्या पेनाने रंगवले. साहेब रंगवलेलं तेवढंच वाचतात हेही मला ठाऊक होतं.

पानं मी साहेबांच्या हातात दिली आणि साहेबांनी ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. टेबल चार लालबुंद झाला, टेबल नऊने "शी" केलं. चष्म्याचा शेरा वाचताना साहेबांना काय वाचतोय ते कळायच्या आत ते वाचून झालं होतं, आणि चष्मा मान खाली घालून टेबलाचा कोपरा नखाने खरवडत राहिला. तो मी का रंगवला? एकोणीस भरायला हवे होते म्हणून असेल. मग एक हजार चाळीस आली. साहेब वाचता वाचता थांबले, आत जाऊन स्वतःच्या मशीनवर काहीतरी दाबून बघून आले आणि ओरडले, "नऊ वर्षं? नऊ वर्षं मला पांगुळगाडा लावून ठेवलात?"

"तुम्ही पडला नाहीत ना," एरंडेल म्हणाला.

मग त्याने पुढे होऊन साहेबांच्या हातातली पानं घेतली आणि अंगठ्याने चाळली. "दहा, अकरा, तेरा. बारावं कुठंय?"

"प्रिंटरने खाल्लं असेल," मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे पाहिलं. अठरा वर्षांत त्याला हसताना कोणी पाहिलं नव्हतं म्हणतात. तो हसला, आणि ते हसणं चांगलं नव्हतं. "वाचलंस म्हणजे," तो म्हणाला. मग साहेबांना, "बारावं पान स्क्रीनवर बघा. सहाशे बारा."

"मला तुमची आणखी एक ओळही बघायची नाही!" साहेब म्हणाले. "निघा तुम्ही."

दुपारी तो गेला. कीबोर्ड स्वतःचा होता, तो काखेत मारून. महिनाअखेरीला मी कायम झाले. त्याच्यानंतर सेटअप सांभाळायला कोणीतरी हवं होतं आणि तो वाचलेली मी एकटीच, म्हणून टेबलही मला मिळालं. दोन महिन्यांत मी दोन खोल्या भाड्याने घेतल्या. पहिल्या दिवशी बाथरूमची आतली कडी लावून अर्धा तास बसले. कोणीही दार वाजवलं नाही.

पण त्याआधी, तो गेल्यावर महिना-सव्वा महिन्याने, त्याचा कप आणि स्वेटर न्यायला त्याची बहीण आली होती. तोच चेहरा. त्याच औषधाची दुसरी बाटली. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "तूच का ती वाचणारी?"

"हो."

"अठरा वर्षं जेवताना एकच रड. ताई, कोणी वाचत नाही. ताई, कोणी वाचत नाही. मी म्हणायचे, अरे, मग लिहितोस कशाला? त्या दिवशी आला तर म्हणतो, ताई, एकीने वाचलं. पानन्‌पान. एक पान तर तिला एवढं आवडलं की काढूनच ठेवलं." तिने कप पिशवीत टाकला. "घरी बसलाय आता. जेवताना बोलतसुद्धा नाही."

मी म्हणाले, "कप धुऊन देते."

"राहू दे. तू हात धू आधी."

ती गेल्यावर मी फाइल उघडली आणि तळाशी एक ओळ वाढवली. तेराशे अठ्ठ्याऐंशी. ती करत काहीच नाही, नुसता शेरा आहे. 'बारावं पान मी काढलं. त्यात त्याने चूक स्वतःवर घेतली होती आणि मला सोडवलं होतं. ते दाखवूनही मी कायम झाले असते. मला तो जायला हवा होता. चष्म्याचं गुपितही मीच फोडलं. त्यानेही महिन्याभरात नोकरी सोडली.' खाली तारीख. दुसऱ्या दिवशी ती ओळ सगळ्यांच्या मशीनवर पोचली, साहेबांच्यासुद्धा. मी तीन दिवस साहेबांच्या दाराकडे बघत काढले. काही झालं नाही. सात वर्षांत काही झालं नाही.

माझ्या मागे मला 'दुसरा डोस' म्हणतात, हे मला माहीत आहे. नवा माणूस आला की मी मान वर न करता सांगते, "वाचा. मग घ्या." आणि आठवड्याने पाण्याच्या मशीनपाशी गाठून विचारते, "ओळ तेराशे अठ्ठ्याऐंशी काय करते?" ततपप होतात. मला संताप येतो आणि त्याच वेळी सुटल्यासारखंही वाटतं, आणि त्या सुटण्याचाच जास्त संताप येतो. फुकटे लेकाचे. दुसऱ्याचं तयार उचलतात आणि आत काय आहे ते बघायची तसदी घेत नाहीत.

दोन आठवड्यांपूर्वीच्या सोमवारी एक नवे गृहस्थ लागले. पन्नाशी उलटलेली, आधी छापखान्यात मुद्रितं तपासायचे, छापखाना बंद पडल्यावर हे शिकून आले. तेही सहा महिन्यांच्या बोलीवर. त्या शनिवारी पाण्याच्या मशीनपाशी मी त्यांना नेहमीचा प्रश्न विचारला.

"तिथपर्यंत आलो नाही अजून," ते म्हणाले. "रोज शंभर ओळी वाचतो. आज सहाशे बाराला आहे. गंमतशीर माणूस होता हो, कोण होता?"

"सगळंच वाचायची गरज नसते," मी म्हणाले.

"तुम्हीच म्हणालात ना, वाचा मग घ्या?"

परवा शनिवारी ते बाराशेला होते. आज सकाळी मी तासभर लवकर आले, पडदा न उघडता बसले, फाइल उघडून तळाशी गेले आणि तेराशे अठ्ठ्याऐंशी पुसली. पुसायला एक क्षण लागतो. मग बंद करायला गेले तर स्क्रीनवर त्याचा प्रश्न. वाचलंस का?

बोट 'हो'वर गेलंच होतं. दिवसातून चाळीस वेळा जातं. मी ते उचललं आणि बाजूचं 'नाही' दाबलं, आणि ओळ परत आपल्या जागी आली. तेवढ्यात दार उघडून ते गृहस्थ आले, डबा ठेवला, पाणी प्यायले, चष्मा पुसला आणि बाराशे एकपासून वाचायला बसले.